तीन गावांची औषधे

गेल्या वर्षी पाच महिने माझी औषधे तीन गावांतून येत होती. थायरॉइडची गोळी फोंड्याला घराजवळच्या फार्मसीतून, नैराश्यावरची म्हापशाहून, आणि लक्ष एका जागी टिकावे म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी सुरू झालेली तिसरी पणजीहून. यात काही विपरीत आहे असे मला तेव्हा वाटत नव्हते. मासळी एका बाजारातून, भाजी दुसऱ्या बाजारातून आणि पाव दारात भोंगा वाजवणाऱ्या पोदेराकडून घेण्याची ज्यांना सवय असते, त्यांना प्रत्येक जिनसाचे वेगळे दुकान असणे स्वाभाविकच वाटते. जूनमधल्या एका रात्री कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने माझा पाय हातात धरून घोटा झटकन वरच्या बाजूला दाबला आणि पाऊल त्याच्या हातात आपोआप थडथडू लागले, तेव्हा ही तिन्ही दुकाने माझ्याच अंगात येऊन मिळतात हे मला पहिल्यांदा दिसले.

नैराश्यावरचे औषध म्हापशाहून का आणायचे, याचे कारण सोपे आहे आणि लाजिरवाणेही. फोंड्याची फार्मसी नवऱ्याच्या चुलतभावाची आहे. तो भला माणूस आहे, पण त्याच्या दुकानात संध्याकाळी चार जण बाकावर बसलेले असतात आणि त्यांतले तीन आमच्या नात्यातले असतात. ‘व्हेन्लाफॅक्सिन’ हा शब्द त्या बाकासमोर उच्चारण्याचे धैर्य मला नऊ वर्षांत झाले नाही. आमच्या घरी ते नाव कोणी मोठ्याने घेतलेच नाही. नवऱ्याला माहीत होते, सासूबाईंना नव्हते. दर महिन्याच्या एखाद्या शुक्रवारी बाजाराचे निमित्त काढून मी म्हापशाला जात असे, डॉक्टरांना भेटत असे, परतताना पिशवीत तळाशी गोळ्या आणि वर सुकी मासळी असे. सुक्या बांगड्याच्या वासाखाली कोणी काही शोधायला जात नाही.

पणजीचे कारण वेगळे होते आणि ते माझ्या हातात नव्हते. मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत मनोप्रभावी द्रव्य म्हणून नोंदलेले आहे, शिवाय औषध नियमांच्या ‘अनुसूची एक्स’मध्येही त्याचा समावेश आहे. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, साठा कुलुपात ठेवावा लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत असावी लागते आणि त्यांतली एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची असते. इतका व्याप फार थोडे दुकानदार पत्करतात. त्यामुळे माझ्या डॉक्टरांनी पणजीतल्या एका दुकानाचे नाव सांगितले आणि मी तिथूनच घेऊ लागले. तिथला मनुष्य दर वेळी चिठ्ठी दिव्यापाशी धरून वाचत असे, तारीख तपासत असे, गोळ्या मोजून नोंद करत असे. त्या काटेकोरपणाचे मला कौतुक वाटे. आज मात्र असे वाटते, की कायद्याने त्या एका औषधावर जितका पहारा ठेवला आहे, त्याच्या शतांश लक्षही त्या औषधाच्या शेजारी दुसरे कोणते औषध आहे याकडे नाही. पणजीच्या दुकानदाराला माझे मेथिलफेनिडेट मिलिग्रॅमपर्यंत ठाऊक होते. म्हापशाची पिशवी त्याने कधी पाहिली नव्हती. पहारा कडक असल्यामुळेच ते औषध बाकीच्यांपासून तुटून दुसऱ्याच गावी गेले होते.

हे तिसरे औषध माझ्या आयुष्यात मुलाच्या वाटेने आले. तो अकरा वर्षांचा. वर्गात डबा, वही, छत्री आणि कधीकधी एक चप्पलही विसरून येणारा. त्याच्या तपासणीसाठी पालकांना भरायला दिलेल्या प्रश्नावलीत ‘ऐकताना मध्येच लक्ष उडते’, ‘हाती घेतलेले काम अर्धवट सोडतो’, ‘वस्तू हरवतात’ अशी वाक्ये होती, आणि मी त्याच्या नावापुढे खुणा करता करता मनात स्वतःच्या नावापुढेही करत गेले. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासायला शेवटची रात्र उजाडेपर्यंत न उघडणारी, वर्गात मर्ढेकर शिकवताना खिडकीबाहेरच्या ट्रकचा क्रमांक पाठ करणारी, गॅसवर दूध ठेवून शेजारच्या खोलीत जुन्या वह्या चाळत बसणारी बाई त्या प्रश्नावलीत स्पष्ट दिसत होती. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवून ठेवता न येण्याचा विकार, आणि नैराश्य ही दोन्ही एकाच माणसात असणे अजिबात दुर्मीळ नाही, आणि प्रौढ स्त्रियांमध्ये पहिले वर्षानुवर्षे न ओळखले जाता फक्त दुसऱ्यावर उपचार होत राहतात, असे मला डॉक्टरांनी नंतर सांगितले. नऊ वर्षे ज्याला मी उदासी म्हणत होते, त्यात अपुऱ्या राहिलेल्या कामांचा थकवा किती होता, हे आता वेगळे काढणे अवघड आहे.

माझी स्वतःची तपासणी झाली त्या दिवशी अर्जात एक ओळ होती: सध्या चालू असलेली इतर औषधे. मी लिहिले, थायरॉक्सिन. टेबलापलीकडे अर्ज घ्यायला बसलेली मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी निघाली होती; तिने मला ‘टीचर’ म्हणून हाक मारली होती आणि माझा पेन त्या ओळीवर थांबला होता. आत डॉक्टरांनीही विचारले, नैराश्याचा त्रास आहे का? मी म्हटले, पूर्वी होता. गोव्याच्या छोटेपणाला मी पुष्कळदा दोष देते, पण त्या दिवशीचे ते दोन शब्द गोव्याने लिहिले नव्हते. डॉक्टरांनी त्यांचे काम नीट केले: रक्तदाब मोजला, नाडी मोजली, घरात कोणाला हृदयविकार आहे का ते विचारले, कोणाला कधी उन्मादाचा झटका आला होता का तेही विचारले. तेव्हा मी माझ्या धाकट्या काकांबद्दल खरे सांगितले, ज्यांनी एका पावसाळ्यात झोप सोडून तीन होड्या विकत घेतल्या होत्या. उत्तेजक आणि नैराश्यावरची औषधे, दोन्ही, ज्याच्या मुळाशी द्विध्रुवी विकार आहे अशा माणसाला उन्मादाकडे ढकलू शकतात, म्हणून तो प्रश्न होता. काकांची गोष्ट सांगायला मला लाज वाटली नाही. स्वतःची वाटली.

त्या दोन औषधांचे माझ्या मेंदूत काय चालले होते, हे मला पुढे समजले ते चोडणच्या भाषेत. माझे माहेर त्या बेटावरचे. तिथे खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतांच्या, बांधाला लाकडी दार असते, ते ओहोटीला उघडते आणि शेतातले पाणी नदीत जाऊ देते, भरती आली की पाण्याच्याच दाबाने मिटते. त्या दाराला आमच्याकडे ‘मानस’ म्हणतात. शिक्षिका झाल्यावर मला या शब्दाची गंमत वाटू लागली होती, पण त्याचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. मज्जापेशी दुसऱ्या पेशीला निरोप द्यायला दोघींमधल्या फटीत रसायन सोडते आणि काम झाले की बरेचसे परत ओढून घेते. परत ओढण्याची ही जी दारे, तिथे ही औषधे उभी राहतात. व्हेन्लाफॅक्सिन सेरोटोनिनचे दार अडवते, आणि मात्रा वाढवली की नॉरअॅड्रेनॅलिनचेही. मेथिलफेनिडेट डोपामिनचे आणि नॉरअॅड्रेनॅलिनचे दार अडवते. म्हणजे नॉरअॅड्रेनॅलिनच्या मानशीवर माझी दोन औषधे खांद्याला खांदा लावून उभी होती. हे रसायन काही फक्त मनाचे नाही. हृदयाची गती आणि रक्तवाहिन्यांचा ताण ठरवण्यात त्याचाही मोठा वाटा असतो. शेतात पाणी साचले ते आधी नाडीत आणि रक्तदाबात दिसते.

अॅम्फेटामिन या जातीची उत्तेजके आणखी एक पाऊल पुढे जातात. ती दार तर अडवतातच, शिवाय पेशीच्या आतला साठा उलटा बाहेर काढतात. म्हणजे ओहोटी बंद करून वर पंपही लावायचा. म्हणून सेरोटोनिनच्या अतिरेकाचा इशारा त्या औषधांच्या माहितीपत्रकात असतो आणि मेथिलफेनिडेटच्या बाबतीत ती भीती बरीच कमी मानली जाते. आपल्याकडे अॅम्फेटामिनच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळत नाहीत, पण मी रात्री मोबाइलवर जे वाचत होते ते सगळे अमेरिकेतल्या लोकांसाठी लिहिलेले होते. जे औषध माझ्या हातात कधी येणार नव्हते त्याची भीती बाळगण्यात मी दोन रात्री घालवल्या, आणि ज्या खोकल्याच्या औषधाची बाटली आमच्या फ्रिजच्या दारात होती तिच्याकडे माझे लक्ष गेले नाही.

फेब्रुवारीत १८ मिलिग्रॅमने सुरुवात झाली, एप्रिलमध्ये ३६ झाले. पहिले काही आठवडे इतके सुखाचे होते, की त्यांची तक्रार करायला मन धजत नाही. मी गठ्ठे वेळेवर तपासले. दूध उतू गेले नाही. मुलाशी बोलताना त्याचे वाक्य संपेपर्यंत ऐकले. पुढे सकाळी उठल्यावर जबडा दुखू लागला. रात्री मी दात आवळत होते. भूक कमी झाली, दहा वाजताची पेज घशाखाली उतरेना. तळहात ओले राहत, फळ्यावर खडू घसरे. रात्री दोनला जाग येई आणि कानात स्वतःची नाडी ऐकू येई. मे महिन्यात गोव्यात कोणाला घाम येत नाही? कोणाला झोप लागते? प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे एक घरगुती स्पष्टीकरण तयार होते: उष्मा, परीक्षा, वय, कॉफी. यांतली कॉफी तर खरीच दोषी होती. उत्तेजकाच्या जोडीला दिवसाला चार कप कॉफी ही मी चौथी फार्मसी स्वतःच्या स्वयंपाकघरात उघडली होती. म्हापशाच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षीच व्हेन्लाफॅक्सिन ७५ वरून १५० मिलिग्रॅम केले होते, आणि या औषधाने मात्रेनुसार रक्तदाब चढू शकतो म्हणून अधूनमधून मोजत चला, असेही सांगितले होते. मी मोजला नाही. पणजीच्या डॉक्टरांनी मात्रा वाढवल्यावर दोन आठवड्यांनी या म्हटले होते. शाळेचे निमित्त करून मी पाच आठवड्यांनी फोन केला आणि सर्व ठीक आहे असे सांगितले.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि माझ्या छातीत खोकला बसला. सासूबाईंनी फ्रिजमधली बाटली काढून मला दोन चमचे औषध दिले, रात्री पुन्हा दोन, दुसऱ्या दिवशी तीन वेळा. त्या बाटलीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन होते, जे खोकल्याची उबळ दाबते आणि सेरोटोनिनचे दारही अडवते. आणि फेनिलएफ्रिन होते, जे चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी रक्तवाहिन्या आवळते. दुसऱ्या संध्याकाळी माझे हात थरथरू लागले. पोट बिघडले. अंगाला घाम सुटला, तो उकाड्याचा नव्हता, कारण बाहेर पाऊस कोसळत होता. मी खुर्चीवर बसले होते आणि माझा गुडघा आपणहून उडत होता. नवऱ्याने गाडी काढली.

कॅज्युअल्टीत रक्तदाब १६८/१०४ आणि नाडी १२२ भरली. तो डॉक्टर जेमतेम सत्तावीस वर्षांचा असेल. त्याने गुडघ्यावर हातोडी मारली, घोटा दाबून थडथड पाहिली, बाहुल्यांवर बॅटरी टाकली आणि मग खुर्ची ओढून समोर बसला. त्या घोट्याच्या तपासणीला पाठबळ आहे हे मला मागाहून समजले: ऑस्ट्रेलियातल्या हंटर भागातल्या विषबाधेच्या रुग्णांच्या नोंदींवरून २००३ साली जे निकष मांडले गेले, त्यांत सेरोटोनिनचा अतिरेक ओळखताना या थडथडीला पहिले स्थान आहे. डॉक्टरने शांतपणे विचारले, “कोणकोणती औषधे घेता? सगळी सांगा. व्हिटॅमिनसुद्धा.” नवरा पाण्याची बाटली आणायला गेला होता. पलंगापाशी सासूबाई उभ्या होत्या, कारण त्यांनी गाडीत बसायचा हट्ट धरला होता आणि पावसात त्यांच्याशी वाद घालत बसायला वेळ नव्हता.

मी तिन्ही नावे सांगितली. व्हेन्लाफॅक्सिन म्हणताना आवाज इतका खाली गेला, की त्याने पुन्हा विचारले आणि मला ते मोठ्याने, अक्षरे फोडून सांगावे लागले. किती वर्षे? नऊ. कशासाठी? नैराश्यासाठी. सासूबाई काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग माझ्या पायांवरची चादर सारखी करत कोकणीत म्हणाल्या, “तुवें म्हाका सांगपाक जाय आशिल्लें गो.” मला वाटले त्या आजाराबद्दल बोलत आहेत. त्या खोकल्याच्या बाटलीबद्दल बोलत होत्या. आपल्या हाताने ओतलेले चमचे त्या मोजत होत्या. आजही अधूनमधून मोजतात.

पूर्ण चित्र नाही, पण वाट तिकडचीच आहे, असे डॉक्टर म्हणाला. सेरोटोनिनचा अतिरेक सौम्यही असू शकतो आणि प्राणघातकही. बहुधा तो नवे औषध किंवा वाढीव मात्रा पोटात गेल्यापासून एका दिवसाच्या आत दिसतो. खरे संकट असते ते ताप चढत जातो, स्नायू ताठरतात, भान हरपते तेव्हा. त्या रात्री माझी तिन्ही औषधे थांबवली, स्नायू आणि मन सैल होण्यासाठी एक इंजेक्शन दिले आणि सकाळपर्यंत मॉनिटर लावून ठेवला. गरज पडली तर सेरोटोनिनचा परिणाम रोखणारे सायप्रोहेप्टाडिन देऊ, असे तो नर्सला म्हणाला तेव्हा मला त्या अवस्थेतही हसू आले, कारण मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला भूक लागावी म्हणून हेच औषध सिरपच्या रूपात आमच्या घरी येत होते. किती घरांत ते आजही नुसते ‘भुकेचे औषध’ म्हणून ओळखले जाते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही डॉक्टरांचे फोनवर बोलणे झाले. नऊ वर्षांत आणि पाच महिन्यांत ते पहिलेच. मला वाटले होते की आता उत्तेजक कायमचे बंद होईल. तसे झाले नाही, आणि हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण माझी हकीगत ऐकून शाळेतल्या एका सहकारी बाईंनी आपल्या पुतण्याची औषधे परस्पर बंद करण्याचा विचार बोलून दाखवला होता. ही दोन औषधे एकत्र देणे हा काही अपराध नाही. जगभर डॉक्टर ती समजून-उमजून देतात, रक्तदाब आणि नाडी पाहत, मात्रा हळूहळू वाढवत. दक्षिण कोरियात एडीएचडी आणि नैराश्य दोन्ही असलेल्या प्रौढांच्या नोंदी तपासून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही, मेथिलफेनिडेटच्या जोडीला एसएसआरआय गटातले, म्हणजे मुख्यतः सेरोटोनिनचेच दार अडवणारे नैराश्यावरचे औषध दिल्याने मोठे धोके वाढलेले दिसले नाहीत. आणि व्हेन्लाफॅक्सिन एकाएकी सोडले तर चक्कर, मळमळ आणि डोक्यात वीज सरकल्यासारखे झटके यांचा वेगळाच छळ सुरू होतो. माझ्या बाबतीत दोघांनी मिळून व्हेन्लाफॅक्सिन पुन्हा ७५ वर आणले, काही आठवडे फक्त तेच ठेवले आणि मग १८ मिलिग्रॅम मेथिलफेनिडेट रक्तदाबाच्या वहीसकट सुरू केले.

पण सगळ्या जोड्या सारख्या नसतात, आणि त्यातला फरक म्हापशाच्या डॉक्टरांनी मला ज्या तळमळीने समजावला तो मी विसरणार नाही. फटीत उरलेले रसायन परत ओढण्याखेरीज त्याचा निकाल लावण्याचा आणखी एक मार्ग शरीराकडे असतो: मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) ते मोडून टाकते, शेतात साचलेले पाणी उन्हाने आटावे तसे. या विकरालाच बंद पाडणारी नैराश्यावरची जुनी औषधे आणि उत्तेजके यांची गाठ कधीच पडू द्यायची नसते. दोघांमध्ये किमान चौदा दिवसांचे अंतर ठेवतात, नाहीतर रक्तदाब इतका भडकू शकतो की मेंदूत रक्तस्राव व्हावा. ती औषधे आता क्वचितच दिली जातात, पण लिनेझोलिड हे प्रतिजैविक, जे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात आपल्या देशात वापरले जाते, तेही हेच विकर काही प्रमाणात रोखते, आणि छातीच्या डॉक्टरांकडे गेलेला रुग्ण आपल्या मनाच्या गोळीचे नाव सांगेलच असे नाही. बुप्रोपियॉन फिट येण्याचा उंबरठा खाली आणते, उत्तेजकाबरोबर तर जास्तच जपावे लागते. आणि ते सिगारेट सोडण्यासाठीही दिले जात असल्यामुळे घेणाऱ्याला आपण नैराश्यावरचे औषध घेतो आहोत याची जाणीवही नसते. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन यांची तऱ्हा निराळी. ती यकृतातले एक विकर अडवून ठेवतात, त्यामुळे एडीएचडीवरचेच, पण उत्तेजक नसलेले अॅटोमॉक्सेटिन शरीरातून बाहेर पडायला विलंब होतो आणि नेहमीची मात्राही कित्येक पटींनी जास्त घेतल्यासारखी वागते. फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावरही आठवडेच्या आठवडे जात नाही. चतुर्थीला आलेला आणि दसरा उलटला तरी न गेलेला पाहुणा, अशी त्याची ओळख डॉक्टरांनी करून दिली.

या विकर रोखणाऱ्या औषधांचा जन्मच क्षयरोगाच्या वॉर्डात झाला. न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू इस्पितळात १९५२ साली इप्रोनियाझिड दिलेले क्षयाचे रुग्ण एकाएकी उत्साही झाले आणि त्यातून नैराश्यावरच्या पहिल्या औषधांची वाट उघडली. दहा वर्षांनी कळले, की ती घेणाऱ्यांपैकी काहींचे डोके अचानक भयंकर ठणकते आणि रक्तदाब उसळतो. कारण सापडत नव्हते. इंग्लंडमध्ये बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरने याविषयी लिहिले तेव्हा एका फार्मासिस्टने त्याला पत्र पाठवून कळवले, की माझी पत्नी हे औषध घेते आणि चीज खाल्ले की तिला असेच होते. ब्लॅकवेलने १९६३ साली तो धागा पक्का केला. मुरलेल्या चीजमधले टायरामाइन एरवी आतड्यात आणि यकृतात निकालात निघते, विकर बंद असले की ते थेट रक्तात शिरते. या गोष्टीतला तो फार्मासिस्ट मला फार जवळचा वाटतो. त्याने गोळीही पाहिली होती आणि ताटही पाहिले होते. दुकान आणि स्वयंपाकघर एकाच माणसाच्या नजरेखाली होते, म्हणून त्याला ती जोडी दिसली.

उलट उदाहरण १९८४च्या मार्चमधले. न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी तापाने आणि अंगाच्या विचित्र झटक्यांनी दाखल झाली. ती फेनेल्झिन हे विकर रोखणारे नैराश्यावरचे औषध घेत होती. तिला पेथिडिन हे तीव्र वेदनाशामक देण्यात आले आणि काही तासांत ती दगावली. पुढे चौकशी झाली, खटला झाला आणि निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून घातली. थकलेल्या डॉक्टरांची दखल घेतली गेली हे योग्यच झाले, पण त्या गदारोळात दोन औषधांची ती गाठ मागे पडली असे मला वाटते. तास मोजता येतात. कोणी काय सांगितले नाही आणि कोणी काय विचारले नाही, याची मोजदाद होत नाही.

माझ्या गोळीचे मूळ मात्र हलकेफुलके आहे. मेथिलफेनिडेट प्रथम तयार केले ते स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सिबा कंपनीतल्या लिआंद्रो पानित्सोन यांनी, १९४४ साली. त्यांची पत्नी मार्गेरित टेनिस खेळण्यापूर्वी ते घेत असे आणि तिच्या रिटा या लाडक्या नावावरून औषधाला रिटालिन हे नाव मिळाले. तिचा रक्तदाब मुळातच कमी असे, असे सांगतात. माझ्या रक्तदाबाच्या वहीकडे पाहिले की मला कधीकधी तिचा हेवा वाटतो.

नणंदेचा मुलगा इंग्लंडमधल्या स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलेल्या असंख्य गोंयकारांपैकी एक. गेल्या चतुर्थीला आला तेव्हा गणपतीवरची माटोळी बांधता बांधता सहज म्हणाला, “मामी, मी पण घेतो.” त्याच्याकडे लिसडेक्सअॅम्फेटामिन होते आणि नैराश्यावरचे सर्ट्रालिनही, म्हणजे ज्या जोडीची मी रात्री वाचून धास्ती घेतली होती तीच. पण त्याची दोन्ही औषधे एकच डॉक्टर लिहितो, एकाच पडद्यावर दिसतात, आणि त्याच्या खिशात सूचनेचे एक चिठोरे होते: हातपाय थरथरले, ताप आला, गोंधळल्यासारखे झाले तर थेट इस्पितळ गाठायचे आणि हे चिठोरे दाखवायचे. फेणीचा पेला पुढे आला तेव्हा त्याने तो हसून परत केला. तिकडे सगळे उत्तम आहे असे तो म्हणत नाही. भेटीची वेळ मिळायला त्याला वर्षभर थांबावे लागले होते.

पणजीला औषध आणायला जाते तेव्हा मी जुन्या सचिवालयाशेजारच्या आबे फारियांच्या पुतळ्यावरून जाते. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये सांगितले, की संमोहनाची शक्ती संमोहन करणाऱ्याच्या हातात नसते, ती समोरच्याच्या मनात असते. आल्तिन्योवरच्या जुन्या मनोरुग्णालयाला त्यांचेच नाव होते. ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणून औषधांची हेटाळणी करणारे आमचे एक नातेवाईक हमखास या पुतळ्याचा दाखला देतात. फारियांविषयी मला आदर आहे. पण १६८/१०४ हा आकडा माझ्या कल्पनेने दंडावरच्या पट्ट्यात भरला नव्हता.

आता माझ्या मोबाइलच्या कव्हरात एक घडी घातलेला कागद असतो. त्यावर चारही औषधांची नावे, मात्रा, सुरू केल्याच्या तारखा आणि दोन्ही डॉक्टरांचे क्रमांक आहेत. पहिली ओळ लिहिताना मला जेवढा वेळ लागला तेवढा बाकीच्या कागदाला लागला नाही. चौथे औषध रक्तदाबाचे आहे. ते तात्पुरते असेल अशी आशा आहे. म्हापशाला मी अजून जाते, पण फक्त डॉक्टरांकडे. मेथिलफेनिडेट पणजीहूनच आणावे लागते, त्याला इलाज नाही. व्हेन्लाफॅक्सिन मात्र जुलैत मी पहिल्यांदा चुलतदिराच्या दुकानातून घेतले. मी कागद उलगडून काउंटरवर ठेवला. त्याने चष्मा वर सरकवून तो वाचला, दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिले नाही, आणि उधारीच्या वहीत मागच्या पानावर सगळी नावे उतरवून घेतली, जे औषध त्याच्याकडे मिळत नव्हते त्याचेही.

ऑगस्टमध्ये पुन्हा खोकला झाला. दुकानात पावसामुळे गर्दी होती, बाकावर जागा नव्हती. मी सवयीने जुन्याच बाटलीकडे बोट दाखवले. त्याने ती काढली, हातात धरली, मागचे पान उलटून पाहिले आणि पुन्हा फळीवर ठेवून दिली. “वहिनी, तुमच्या त्या गोळ्यांवर ही चालत नाही,” तो नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला. बाकावरच्या तिघांनी माना वर केल्या. त्याने चोखायच्या साध्या गोळ्यांचे एक पाकीट माझ्या पुढ्यात सरकवले, गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगितले आणि सुट्टे आहेत का म्हणून विचारले.